उन्हाळी कामाचा कापलेला कर मुलांना परत मिळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत २०२५मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली. नोकरदारांना आणि पेन्शनरांना ही बातमी पाठ आहे. पण या बातमीशी ज्यांचा खरा संबंध आहे आणि जे ती वाचतच नाहीत, अशा काही जणांसाठी हे पत्र लिहिते आहे. २०२४च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या कॉलेजच्या मुलामुलींनी महिना-दोन महिने कुठे काम केलं आणि ज्यांच्या मेहनतान्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला गेला, ती ही मुलं. त्यांतल्या बहुतेकांना वाटतं की कापलं ते गेलं. घरच्यांनाही तसंच वाटतं. ते पैसे सरकारकडे त्यांच्या नावावर जमा आहेत आणि मागितल्याशिवाय मिळणार नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी बँकेतून निवृत्त झाले, सांगलीला विश्रामबागेत राहते. कर सल्लागार नाही. पण ठेवींचा, व्याजाचा आणि टीडीएसचा कागद आयुष्यभर हाताळला, म्हणून कॉलनीतली मुलं मोबाइल घेऊन येतात आणि विचारतात, "काकू, हे काय कापलंय?"

आमच्या गल्लीतली एक मुलगी पुण्याला आर्किटेक्चर शिकते. २०२४च्या मे-जूनमध्ये तिनं तिथल्याच एका इंटिरिअरच्या ऑफिसात काम केलं. जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन टेप लावून मापं घ्यायची, रात्री बसून ड्रॉइंग काढायची. महिना २२,००० ठरले होते. पहिल्या महिन्याचे २२,००० पूर्ण आले. दुसऱ्या महिन्यात खात्यावर १७,६०० जमा झाले. आपल्या कामात काही चुकलं म्हणून पैसे कापले, असं समजून ती पोर गप्प बसली. मेसचं बिल आईकडून मागवून घेतलं. २०२५च्या जुलैत मी तिचं २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून दाखवलं, तेव्हा कुठे तिला कळलं की तिच्या पॅनवर ४,४०० रुपये जमा आहेत.

हे ४,४०० आले कुठून ते सांगते. त्या ऑफिसनं तिला पगारावर घेतलं नव्हतं, तिची रक्कम 'व्यावसायिक शुल्क' म्हणून दाखवली होती. म्हणजे कायद्याच्या लेखी ती नोकरदार नव्हती, स्वतःचा व्यवसाय करणारी होती. अशा शुल्काला तेव्हाच्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचं (या पत्रातली सगळी कलमं त्यातलीच) कलम १९४जे लागायचं आणि १० टक्के कर कापावा लागायचा. २०२४-२५ या वर्षात एकूण रक्कम ३०,०००च्या आत असेल तर कपात नव्हती. पहिले २२,००० त्या मर्यादेच्या आत होते. दुसऱ्या बिलाला बेरीज ४४,००० झाली, मर्यादा ओलांडली, आणि सगळ्या ४४,०००चे १० टक्के एकदम दुसऱ्या महिन्यातून कापले गेले. ऑफिसनं कायद्याप्रमाणेच केलं. फक्त तिला सांगितलं नाही.

हीच रक्कम पगार म्हणून दिली असती तर? पगारावर कर कापताना मालकाला वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यावा लागतो. दोन महिन्यांचे ४४,००० म्हणजे करपात्र मर्यादेच्या जवळपासही नाहीत, तेव्हा एक रुपयाही कापला गेला नसता. काम तेच, पैसे तेवढेच, व्हाउचरवर कोणता शब्द लिहिला एवढाच फरक. आणि त्या शब्दाबरोबर पीएफ नाही, हक्काची रजा नाही, पगारदाराला मिळणारी ७५,०००ची प्रमाणित वजावटही नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं 'फ्रीलान्सर' म्हणवून घ्यायला खूश असतात. आपण काय सोडून दिलं आहे, ते त्यांना माहीत नसतं.

आता माझा मुख्य मुद्दा. बँकेत एप्रिल उजाडला की काउंटरसमोर फॉर्म १५जी आणि १५एचची रांग लागायची. साठीच्या आतल्यांना १५जी, वरच्यांना १५एच. 'माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, म्हणून व्याजातून कापू नका' असं लिहून द्यायचं, बँक कापत नाही. अगदी साधी, माणसावर विश्वास ठेवणारी व्यवस्था आहे ही, आणि तिनं लाखो लोकांची पायपीट वाचवली आहे. व्याजाला हा फॉर्म चालतो. घरभाड्याला चालतो. विमा एजंटाच्या कमिशनलाही चालतो. मात्र कलम १९४जेच्या शुल्काला चालत नाही, आणि १९४सीच्या कंत्राटी कामालाही चालत नाही.

याचा अर्थ असा होतो: आजोबांनी सज्ञान नातवाच्या नावावर ठेव ठेवली आणि त्याला बसल्या जागी व्याज मिळालं, तर एक कागद देऊन कपात थांबते. त्याच नातवानं मे महिन्याच्या उन्हात साइटवर उभं राहून मापं घेतली, तर त्याच्याकडे देण्यासारखा कागद नाही. शून्य किंवा कमी दरानं कपात करावी असं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आणता येतं, कलम १९७ खाली, फॉर्म १३ भरून. पण आठ आठवड्यांच्या कामासाठी कुठला विद्यार्थी अधिकाऱ्याकडे अर्ज करून मंजुरीची वाट पाहील? तोपर्यंत कॉलेज सुरू झालेलं असतं.

व्याजाच्या उत्पन्नापेक्षा कष्टाच्या उत्पन्नावर सरकारनं कमी विश्वास ठेवावा, हे मला पटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तर नाहीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं वाक्य इथल्या शाळांच्या भिंतीवर आम्ही वाचत आलो. 'कमवा आणि शिका' ही आमच्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. आता तर नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिप आली आहे, त्यामुळे या वाटेनं जाणारी मुलं वाढणार आहेत.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून १९४जेची मर्यादा ३०,०००वरून ५०,००० झाली. त्यामुळे २०२५च्या उन्हाळ्यात एका ठिकाणी ४४,००० मिळवणाऱ्या मुलीचे पैसे कापायचं कारण नव्हतं. चांगलं झालं. पण ५१,०००ची बेरीज झाली की पुन्हा सगळ्या रकमेवर १० टक्के, म्हणजे ५,१०० गेलेच. साठीच्या आतल्या माणसाच्या बँकेच्या व्याजालाही आता ५०,०००चीच मर्यादा आहे, पण तिथे त्यापुढे १५जीचा आधार आहे. तो आधार शुल्कालाही द्या, एवढीच मागणी आहे.

ते होईल तेव्हा होईल. आज ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी काय करायचं, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण यातच मुलं अडखळतात.

पहिल्यांदा प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर पॅननं नोंदणी करून २६एएस आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) पाहायचं. पैसे देणाऱ्यानं कापलेला कर तिथे दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कापून घेतला पण भरला नाही, किंवा पॅन चुकीचा लिहिला, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. मग पैसे देणाऱ्याकडून फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र, मागायचा. तो देणं त्यांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. एप्रिल ते जूनच्या कपातीचा १६ए १५ ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो. फोनवर न मागता ईमेलनं मागावा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

दुसरं, फॉर्म कोणता भरायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना पगारदारांच्या विवरणपत्राचा फॉर्म, आयटीआर-१, माहीत असतो आणि ते मुलांनाही तोच भरायला लावतात. पण व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-१ मध्ये दाखवता येत नाही. चुकीचा फॉर्म भरला की 'सदोष विवरणपत्र' म्हणून नोटीस येऊ शकते आणि ती दुरुस्त करायला १५ दिवस मिळतात. आर्किटेक्चर, इंटिरिअर, इंजिनीअरिंग, माहिती तंत्रज्ञान अशा ठरवून दिलेल्या व्यवसायांना कलम ४४एडीए आहे. त्यात मिळालेल्या रकमेपैकी किमान निम्मी उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत, आणि आयटीआर-४ भरून काम होतं. आमच्या गल्लीतल्या मुलीनं तेच केलं: ४४,००० पैकी २२,००० उत्पन्न, कर शून्य, ४,४०० परत. ज्यांचं काम या यादीत बसत नाही त्यांनी जाणकाराला विचारून फॉर्म ठरवावा, अंदाजानं भरू नये.

तिसरं बँकेचं आहे, आणि त्याबद्दल मी थोड्या अधिकारानं बोलू शकते. रिफंड फक्त पोर्टलवर आधी पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. मुलांची खाती शाळेत असताना उघडलेली असतात. त्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. मग पडताळणी होत नाही आणि रिफंड मंजूर होऊनही अडकतो. विवरणपत्र भरायच्या आधी हे सरळ करून घ्यावं. आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायला विसरू नये, पडताळणी झाल्याशिवाय ते भरलं असं धरलंच जात नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

पॅनचं तर वेगळंच दुखणं. कृष्णेत पोहायला शिकलेला इथला एक मुलगा, वय अठरा, २०२४ला कोल्हापूरकडच्या एका उन्हाळी शिबिरात पोहणं शिकवायला गेला. एप्रिल-मे मिळून ४०,००० ठरले. खेळाचे प्रशिक्षकही १९४जेच्या यादीत येतात. त्याच्याकडे पॅन नव्हतं. पॅन नसेल तर १० नव्हे, २० टक्के कापतात. त्याचे ८,००० गेले, आणि पॅनच नसल्यानं ते कुणाच्याही नावावर दिसत नाहीत. आता त्यानं पॅन काढलं आहे, पण शिबिरवाल्यांनी आपलं टीडीएस विवरण दुरुस्त करून त्यात तो पॅन घातल्याशिवाय त्याला दावा करता येणार नाही. मुलगा रोज फोन करतो, 'अकाउंटंट बाहेर गेलेत' एवढंच उत्तर मिळतं. बघवत नाही. सज्ञान मुलांना आधारवरून ई-पॅन लगेच आणि फुकट मिळतं. अठरावं लागलं की मतदार यादीत नाव घालतो, त्याच आठवड्यात हेही करून टाकावं.

अठरापेक्षा लहान मुलांच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मिरजेतला सतरा वर्षांचा एक मुलगा सुट्टीत लहान मुलांना तबला शिकवतो, त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की हे पैसे तुमच्या उत्पन्नात धरावे लागतील. तसं नाही. अल्पवयीन मुलाचं व्याजासारखं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात हे खरं. पण त्यानं अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कलेनं, कौशल्यानं मिळवलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचंच धरतात. या एका बाबतीत कायद्यानं कष्टाचा मान राखला आहे, तेव्हा १५जीच्या बाबतीतही तो राखता येईल असं मला वाटतं.

उलट बाजूही लिहायला हवी, नाहीतर पत्र एकांगी होईल. काही मुलांचं उन्हाळ्यातलं काम पुढे वर्षभर चालू राहतं. एक इंजिनीअरिंगचा मुलगा परदेशी ग्राहकाचं सॉफ्टवेअरचं काम करतो, २०२४-२५ मध्ये त्याला ९ लाख मिळाले. परदेशातून आलेल्या पैशाला टीडीएस नाही, आणि 'सात लाखांपर्यंत कर माफ' हे ऐकलेलं, त्यामुळे विवरणपत्र भरायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. ४४एडीएप्रमाणे निम्मं धरलं तरी त्याचं उत्पन्न साडेचार लाख होतं. नव्या करप्रणालीत त्या वर्षी मूळ सूट ३ लाखांची. त्यापुढे उत्पन्न गेलं की विवरणपत्र सक्तीचं. कलम ८७एच्या सवलतीनं कर शून्य होतो, पण ती सवलत विवरणपत्रातच घ्यायची असते. कर लागत नाही आणि विवरणपत्र लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५-२६पासून 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे हा घोटाळा आणखी वाढणार असं मला दिसतं. २०२५-२६ची मूळ सूट ४ लाख आहे, १२ नाही. आणखी एक नियम: वर्षभरात टीडीएस-टीसीएस (टीसीएस म्हणजे खरेदीच्या वेळी गोळा केलेला कर) मिळून २५,००० किंवा अधिक कापले गेले असतील, तर उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं.

रोख मिळालेले, फोनवर आलेले पैसेही कमाईच असतात. आंब्याच्या पेट्या विकून आलेला नफा असो की लग्नाच्या फोटोंचे पैसे, एका वहीत तारखेसह लिहून ठेवायला मुलांना घरीच शिकवावं.

आता तारखांबद्दल. २०२४च्या उन्हाळ्यातल्या कमाईच्या विवरणपत्राची मुदत सप्टेंबर २०२५मध्ये संपली. तेव्हा जमलं नाही तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं भरता येत होतं, रिफंडही मिळत होता, आणि उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या आत असेल तर विलंब शुल्क लागत नव्हतं. ३१ डिसेंबर गेला की अवघड. नंतर जे 'अद्ययावत विवरणपत्र' भरता येतं, त्यात रिफंड मागता येत नाही. मग उशीर माफ करा असा वेगळा अर्ज करावा लागतो.

उशिराच्या रिफंडाचा हा हक्क थोडक्यात बचावला आहे. १३ फेब्रुवारी २०२५ला लोकसभेत जे नवं प्राप्तिकर विधेयक आलं, त्यात मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यालाच रिफंड, अशी तरतूद होती. खासदार बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीनं ती काढायला सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित विधेयकातून ती गेली. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही पण टीडीएस कापला गेला आहे, अशा लहान माणसाचा विचार संसदेत होऊ शकतो, हे यातून दिसलं. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यासाठी नियम आणि फॉर्मही नव्यानं लिहायला घेतले. शुल्क आणि कंत्राटी कामासाठी स्वयंघोषणेचा फॉर्म सुरू करायला याहून चांगली वेळ नाही. आमच्या भागातल्या खासदारांनी हा विषय अर्थमंत्र्यांकडे मांडावा अशी माझी जाहीर विनंती आहे. गैरवापराची भीती असेल तर एका मालकाकडून वर्षाला एक लाखापर्यंतच ही सवलत द्यावी. पॅन आणि आधार जोडलेले असताना खोटी घोषणा पकडणं आज कठीण नाही.

मुलांना सुट्टीत काम देणाऱ्या छोट्या-मोठ्या ऑफिसांना, क्लासेसना, शिबिरांना एवढंच सांगणं आहे, की काम ठरवतानाच एका ओळीत लिहून द्या: ही रक्कम पगार आहे की शुल्क, त्यातून किती कापलं जाईल, आणि १६ए कधी मिळेल. तुम्हाला याचा खर्च काही नाही. त्या मुलीसारखं कुणी वर्षभर मनात धरून बसणार नाही.

आणि संपादक महाशय, एक विनंती आपल्याकडेही. दर एप्रिलमध्ये आपल्या दैनिकात उन्हाळी शिबिरांच्या आणि सुट्टीतल्या कामांच्या जाहिराती येतात. त्याच पानावर, त्या त्या वर्षीची टीडीएसची मर्यादा, पॅन काढायची सूचना आणि विवरणपत्राची अंतिम तारीख अशी छोटी चौकट दर आठवड्याला छापता आली तर पाहावं. मजकूर तपासून द्यायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली